अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये माणूस रक्तस्रावाने जातो का? ‘द रेसिडेंट’मधल्या एका प्रसंगाबद्दल

एका शनिवारी संध्याकाळी माझ्या जुन्या पेशंटची मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. वय बावीस. आदल्या रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं होतं, सकाळपासून ते दुखणं पोटाच्या उजव्या खालच्या भागात सरकलं होतं. जेवणावरची वासना गेलेली, एकदा उलटी, अंगात कसकस. त्या जागी पोट हलकेच दाबून हात झटकन उचलला तेव्हा ती कळवळली. सोनोग्राफीत अपेंडिक्सला सूज दिसली. सर्जनना फोन केला. ‘आजच ॲडमिट करा, रात्रीत ऑपरेशन करून टाकू,’ असं ते म्हणाले.

तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टरकाका, मी एक सिरीज बघितलीय. त्यात साधं अपेंडिक्सचंच ऑपरेशन असतं आणि पेशंट टेबलावरच जातो. रक्तच थांबत नाही.”

मी हसलो. “अगं, सिरीज आहे ती. काही होत नाही,” असं म्हणून चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

ती ॲडमिट झालीच नाही. दुखणं कमी करणारी गोळी घेऊन घरी थांबली. रविवारी दुपारी पोट अचानक बरंच कमी दुखायला लागलं, म्हणून घरच्यांनाही हायसं वाटलं. सोमवारी पहाटे थंडी वाजून ताप आला आणि सगळं पोट फळीसारखं कडक झालं. अपेंडिक्स फुटलं होतं. एक-दोन दिवसांत घरी जाता आलं असतं, तिथे नऊ दिवस रुग्णालयात राहावं लागलं, पोटात पू काढण्यासाठी नळी ठेवावी लागली. आज ती ठणठणीत आहे. तिच्या परवानगीनेच हे लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यानंतर मी ती सिरीज शोधून पाहिली. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या शनिवारी द्यायला हवं होतं, ते आज सविस्तर देतो. तिच्यासारखे आणखी कितीजण मनात तोच प्रश्न घेऊन गप्प बसले असतील, कोण जाणे.

प्रसंग काय आहे?

‘द रेसिडेंट’ ही अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवरची मालिका. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाली आणि सहा सीझन चालली. अटलांटा शहरातलं एक काल्पनिक मोठं रुग्णालय, तिथला नावाजलेला ज्येष्ठ सर्जन डॉ. बेल, आणि नुकताच रुजू झालेला भारतीय वंशाचा तरुण डॉक्टर डेव्हन प्रवेश ही त्यातली काही मुख्य पात्रं.

पहिल्याच भागात अपेंडिक्सचं ऑपरेशन चालू आहे. ऑपरेशन थिएटरमधली मंडळी सेल्फी काढण्यात दंग आहेत. डॉ. बेल यांच्या हाताला कंप आहे, हे त्यांनी लपवलेलं आहे. भुलीखालचा पेशंट हलतो, सर्जनचा हात चुकतो, धमनी कापली जाते आणि काही मिनिटांत पेशंट रक्तस्रावाने मरतो. मग डॉ. बेल खोलीतल्या सगळ्यांना गोळा करतात आणि खरं कारण बाहेर जाऊ नये, सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायची, असं ठरवून घेतात.

या प्रसंगाचे दोन भाग आहेत. पहिला शरीरात घडतो, दुसरा माणसांमध्ये. माझं मत असं की पहिला भाग वैद्यकीयदृष्ट्या फारच ताणलेला आहे, आणि दुसरा आपण डॉक्टर मंडळी कबूल करतो त्यापेक्षा बराच खरा आहे. गंमत अशी की प्रेक्षक घाबरतो पहिल्याला.

ती धमनी आम्ही रोज कापतो

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, साधारण करंगळीएवढी एक नळी. तिला रक्त पुरवणारी स्वतंत्र छोटी धमनी असते. जाडी साधारण एक-दोन मिलिमीटर. अपेंडिक्स काढायचं तर ही धमनी कापावीच लागते. प्रत्येक ऑपरेशनमध्ये सर्जन ती आधी शोधतो, बांधतो किंवा क्लिप लावतो किंवा विजेच्या उपकरणाने जाळून बंद करतो, आणि मग कापतो. म्हणजे या धमनीचं कापलं जाणं हा अपघात नसून ऑपरेशनमधली ठरलेली पायरी आहे.

समजा ती बांधण्याआधीच कापली गेली, तर? रक्त येईल, समोरचं दिसेनासं होईल, सर्जनच्या कपाळावर घाम येईल. तो बोटाने किंवा गॉजने दाबून धरेल, सक्शनने रक्त ओढून घेईल आणि आर्टरी फोर्सेप्स लावेल. हे काम शिकाऊ सर्जनही पहिल्या वर्षात शिकतो. दुर्बिणीतून ऑपरेशन चालू असेल आणि नीट दिसत नसेल, तर पोट उघडून तेच करावं लागतं.

एवढ्या लहान धमनीतून माणूस बघता बघता का जात नाही, याचं कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. नळीचा व्यास निम्मा केला तर बाकी सगळं तेच असताना प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या भागावर येतो. शिवाय लहान धमनीच्या भिंतीत स्नायू असतो. ती तुटली की आकसते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं. पाऊण लिटरपर्यंत गेलं तरी निरोगी तरुण शरीर ते बऱ्यापैकी सांभाळून घेतं. दोन लिटरच्या पुढे मात्र जीव धोक्यात येतो. तिथपर्यंत पोहोचायला या धमनीला बराच वेळ लागेल, आणि तेवढा वेळ थिएटरमधलं कोणीही नुसतं बघत उभं राहत नाही.

मग पोटात मोठ्या रक्तवाहिन्या नसतात का? असतात. अपेंडिक्सच्या मागेच पायाकडे जाणारी मोठी धमनी आणि शीर असते, मध्यभागी महाधमनी असते. त्यांना इजा झाली तर खरोखर मिनिटांचा खेळ होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पहिली सुई किंवा पहिली नळी पोटात घालताना हे घडू शकतं. अशी इजा हजारात एकापेक्षाही कमी वेळा होते, पण होते. म्हणून ‘काही होत नाही’ हे माझं त्या संध्याकाळचं वाक्यही वैद्यकीयदृष्ट्या अचूक नव्हतं. ‘असं फार क्वचित होतं, आणि झालं तर ते थांबवायची तयारी ठेवलेली असते’ हे अचूक वाक्य झालं असतं.

भुलीत पेशंट हलू शकतो का?

हो, हलू शकतो. संपूर्ण भूल म्हणजे तीन वेगवेगळी कामं असतात: शुद्ध घालवणं, वेदना थांबवणं आणि स्नायू सैल करणं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल थोडा उतरला तर माणूस पूर्ण बेशुद्ध असूनही जरासा हलतो. अशा वेळी सर्जन हात थांबवतो, भूलतज्ज्ञ औषध वाढवतो आणि काम पुढे सुरू होतं. हलणं म्हणजे जागं होणं नव्हे.

जागं होण्याची भीती तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते, हे मला माहीत आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली आणि तिचा अहवाल २०१४ साली आला. संपूर्ण भुलीत मध्येच जाग आल्याचं रुग्णांनी स्वतःहून सांगितलं, असं प्रमाण साधारण १९,००० भुलींमागे एक होतं. प्रत्येक रुग्णाला नंतर नेमके प्रश्न विचारले तर हा आकडा जास्त येतो. तरीही ही घटना विरळच आहे.

मग खरे धोके कोणते?

अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर आम्हाला ज्यांची खरी काळजी असते ते त्रास मालिकेत दाखवण्याजोगे नसतात. टाक्यांमध्ये पू होणं. पोटात आत पू साठणं. हे अपेंडिक्स आधीच फुटलेलं असेल तर जास्त वेळा घडतं. आतडी दोन-चार दिवस सुस्त राहणं, गॅस न सुटणं. छातीत कफ साठणं. पुढे कधीतरी आतडी एकमेकांना चिकटून अडथळा येणं.

रक्तस्रावही होतो, पण त्याची खरी वेळ वेगळी असते. बांधलेला दोरा किंवा क्लिप सैल होऊन ऑपरेशननंतर काही तासांनी पोटात रक्त झिरपू शकतं. त्यात चिळकांडी उडत नाही. नाडी वाढत जाते, रक्तदाब उतरतो, पेशंट पांढराफटक आणि बेचैन दिसतो. पहिल्या रात्री सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन नाडी आणि बीपी बघतात आणि तुमची झोपमोड होते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. त्यांच्यावर वैतागू नका.

न फुटलेल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. अपेंडिक्स फुटलं की ते कित्येक पटींनी वाढतं, उतारवयात तर आणखी. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण दीड दिवस उलटला की फुटण्याची शक्यता वाढत जाते. फुटताना आतला ताण सुटतो म्हणून दुखणं काही तास कमीही होतं. त्या मुलीला रविवारी दुपारी ‘बरं वाटलं’ ते बहुधा असंच.

प्रत्येक अपेंडिक्सला ऑपरेशनच हवं, असंही आता नाही. साधी सूज असेल, आत खडा नसेल, तर काही जणांना फक्त अँटिबायोटिक देऊन बरं करता येतं. फिनलंडमध्ये असे रुग्ण पाच वर्षं पाहिले, तेव्हा दहापैकी जवळपास चार जणांना पुन्हा अपेंडिक्सचा त्रास झाला. हा पर्याय सर्जनच्या देखरेखीखाली, विचार करून निवडायचा असतो. भीतीपोटी घरी गोळी घेऊन बसणं हा त्यातला प्रकार नव्हे.

मालिकेने जे बरोबर दाखवलं

आता प्रसंगाचा दुसरा भाग. इथे मला त्या मालिकेची बाजू घ्यावीशी वाटते.

या मालिकेमागे मार्टी मकारी या अमेरिकन सर्जनच्या ‘अनअकाउंटेबल’ या पुस्तकाची प्रेरणा आहे. डॉ. बेल यांना मालिकेत मागून जे कुत्सित टोपणनाव दिलेलं आहे, ते त्या पुस्तकातूनच आलंय. बाहेर प्रचंड नाव, आणि आतल्या लोकांना माहीत की यांच्या हातून पेशंट बिघडतात, असा डॉक्टर. याच मकारी यांनी २०१६ साली अमेरिकेत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला अडीच लाखांवर मृत्यू होतात असा अंदाज मांडला. त्यावर बरीच टीका झाली, कारण थोड्या अभ्यासांवरून फार मोठा आकडा काढलेला होता. मीही तो आकडा जसाच्या तसा मानत नाही. पण ‘आतल्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही’ हे वाक्य मी खोटं म्हणू शकत नाही. तीस वर्षांत मी अशा खोल्यांमध्ये बसलेलो आहे.

हाताला कंप असलेला सर्जन ही एक अडचण आहे. त्याहून मोठी अडचण अशी की त्या थिएटरमध्ये चार-पाच शिकलेली माणसं आहेत, सगळ्यांना कंप दिसतोय, आणि ‘सर, थांबा’ म्हणण्याची एकाचीही हिंमत होत नाही. आपल्याकडे तर वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये हे आपण घरातूनच शिकून येतो. शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय यांनी ‘मोठ्या सरांना’ टोकणं किती अवघड आहे, ते वेगळं सांगायला नको.

यावर जगाने शोधलेला एक उपाय अगदी साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी एकोणीस मुद्द्यांची एक यादी आणली. ज्या गटाने ती तयार केली त्याचे प्रमुख अतुल गवांदे, अमेरिकेतले सर्जन. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातून तिकडे गेलेले. या यादीनुसार तीनदा थांबायचं असतं: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंटला थिएटरमधून बाहेर नेण्याआधी. पेशंट कोण, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती, रक्त किती जाऊ शकतं आणि ते हाताशी आहे का, हे मोठ्याने बोलायचं. शेवटी गॉज आणि उपकरणं मोजायची. आणि चिरा घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं.

नाव सांगण्याने काय होणार, असं तुम्हाला वाटेल. पण सुरुवातीला एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे काही खटकलं तर बोलण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार आहे. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात नवी दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एवढा फरक दिसला नाही. मला त्याचं फार नवल वाटत नाही. यादी भरणं सोपं आहे, एकमेकांचं ऐकणं अवघड.

डॉ. बेल यांच्या थिएटरमध्ये ही यादी मनापासून पाळली गेली असती, तर सेल्फी बंद झाली असती आणि कदाचित कोणीतरी बोललं असतं.

तुम्ही काय करायचं?

ऑपरेशन सांगितलं गेलं की हे प्रश्न मोकळेपणाने विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

१. हे ऑपरेशन आत्ताच का हवं? थांबलो तर काय होईल? दुसरा पर्याय आहे का?

२. ऑपरेशन कोण करणार आहे आणि भूल कोण देणार आहे? दोघांना आधी भेटता येईल का?

३. सर्वांत जास्त वेळा होणारा त्रास कोणता आणि सर्वांत गंभीर कोणता? तो झाला तर इथे काय सोय आहे? रक्त आणि आयसीयू कुठे आहे?

४. घरी गेल्यावर काय दिसलं तर लगेच परत यायचं?

तुमच्याकडूनही एक गोष्ट हवी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठलीही गोळी चालू असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं असं कधी झालं असेल, घरात कोणाला रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर ते न विचारताही सांगा. रक्तस्रावाच्या बाबतीत मालिकेतल्या कंप पावणाऱ्या हातापेक्षा न सांगितलेली गोळी मला जास्त घाबरवते.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. काही बिघडलंच, तर केसपेपरची प्रत मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. प्रत मागणं म्हणजे भांडण सुरू करणं नाही. आणि मृत्यूचं कारण पटत नसेल, तर शवविच्छेदनाची मागणी करता येते. मालिकेतली लपवाछपवी तिथे टिकली नसती. पोटात साठलेलं रक्त कोणाच्या सांगण्यावरून नाहीसं होत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच सांगायचंय. गुंतागुंत झाली की नातेवाईकांना आपण होऊन, त्याच दिवशी, बसवून सांगा. दरवेळी हातून चूक झालेलीच असते असं नाही, आणि झाली असली तरी ती कळण्याचा त्यांना हक्क आहे. लोक चिडतात, हे खरं. पण नंतर इतरांकडून कळलं की जास्त चिडतात.

आणि त्या बावीस वर्षांच्या मुलीबद्दल. डिस्चार्जनंतर टाके दाखवायला आली तेव्हा मी तिला ती सिरीज पाहिल्याचं सांगितलं. खुर्ची ओढून कागदावर अपेंडिक्स आणि त्याची धमनी काढून दाखवली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली. तिने कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, “एवढीशीच असते होय ती?”

शनिवारी माझ्या दारात पाच पेशंट थांबले होते. आणखी सात मिनिटं ते थांबले असते.